विश्लेषण : शेततळ्यातले ‘शेवाळ’ नेमके कोण? एकपेशीय शैवालांचा वंशवृक्ष आपल्या कामाचा का आहे?

घनसावंगी तालुक्यातील मोसंबीच्या बागा उन्हाळ्यात शेततळ्यांवर जगतात. मार्च उलटला की तळ्याचे पाणी हिरवे होऊ लागते, ठिबकचे फिल्टर तुंबतात आणि ‘शेवाळ आले’ म्हणून मोरचूद आणला जातो. कधी पाणी हिरव्याऐवजी तांबडे होते, कधी कडेला निळसर हिरवी साय धरते. नाव मात्र एकच, शेवाळ. गेल्या पन्नासएक वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे, की या एका नावाखाली राहणारे काही जीव नात्याने माणूस आणि भूछत्र यांच्यापेक्षाही एकमेकांपासून दूर आहेत. हा विषय प्राध्यापकांच्या चर्चेपुरता नाही. पाण्यात कोण वाढले आहे, यावर त्या पाण्याचे काय करायचे हे ठरते. शाळेच्या पुस्तकात आणि गावातल्या व्यवहारात मात्र ओळख अजूनही रंगावरूनच पटवली जाते. ती सवय सोडायला हवी. का, ते पाहू.

लोणारच्या गुलाबी पाण्याने काय शिकवले?

याचे सर्वांत चांगले उदाहरण घनसावंगीपासून फार लांब नाही. मंठ्याहून पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते. जून २०२० मध्ये तेथील खाऱ्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, छायाचित्रे देशभर फिरली आणि तर्कांना ऊत आला. डुनालिएला या एकपेशीय शैवालामुळे हे घडले असावे, असा सुरुवातीचा अंदाज होता. तो चुकीचा वाटण्याजोगा नव्हता. डुनालिएला हे नात्याने हिरवे शैवाल. पण पाण्यातील क्षार वाढले आणि ऊन कडक झाले की ते स्वतःच्या पेशीत बीटा कॅरोटीन साठवते आणि तांबूस दिसू लागते. जगातील अनेक खारी तळी त्यामुळे रंग बदलतात.

वन विभागाने गोळा केलेले नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत वेगळेच उत्तर मिळाले. रंग देणारे जीव शैवाल नव्हतेच, ते ‘हॅलोआर्किया’ होते. अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस नव्हता, उष्णतेने बाष्पीभवन वाढले होते, क्षार आणि पीएच वर गेले होते. नमुना काही दिवस स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

डुनालिएला आणि हॅलोआर्किया यांचा रंग सारखा, मुक्कामाचे ठिकाणही सारखे. नात्याचे म्हणाल तर डुनालिएलाच्या पेशीत केंद्रक असते, हॅलोआर्कियात ते नसते. जीवसृष्टीच्या सर्वांत मोठ्या तीन विभागांपैकी दोन वेगवेगळ्या विभागांत ते मोडतात. गंमत म्हणजे, लोणारचे पाणी एरवी हिरवे दिसते, त्यातही मोठा वाटा स्पिरुलिनाचा असतो, आणि स्पिरुलिना हासुद्धा काटेकोर अर्थाने शैवाल नसून जिवाणू आहे. म्हणजे एकाच सरोवरात हिरवे पाहून केलेला अंदाज चुकू शकतो आणि गुलाबी पाहून केलेलाही.

‘शेवाळ’ हे कुळाचे नाव का नाही?

महाराष्ट्रात गावोगावी पाटील आडनावाची माणसे आहेत. पाटीलकी हे काम होते. ज्याच्याकडे ते काम, तो पाटील. म्हणून धुळ्याचे पाटील आणि कोल्हापूरचे पाटील एकाच कुळातले असतील, असे कोणी गृहीत धरत नाही. ‘शेवाळ’ हा शब्द असाच आहे. पाण्यात किंवा ओलाव्यात राहायचे आणि सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करायचे, हे काम जो करतो तो शेवाळ. हे काम वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळात उचलले. काहींनी ते नंतर सोडूनही दिले.

म्हणूनच आजचे शास्त्रज्ञ ‘शैवाल’ हा शब्द बोलण्याच्या सोयीसाठी वापरतात, वर्गीकरणाचा गट म्हणून नाही. एकाच पूर्वजापासून निघालेले सगळे वंशज एका गटात यायला हवेत, ही आधुनिक वर्गीकरणाची साधी अट आहे. ‘शैवाल’ ती पूर्ण करत नाही. पाठ्यपुस्तकातली ‘प्रोटिस्टा’ ही सृष्टीही ती पूर्ण करत नाही.

वनस्पती की प्राणी, हा वाद कुठून आला?

कार्ल लिनियसने १७३५ मध्ये सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या, वनस्पती आणि प्राणी. हिरवे आणि एका जागी राहणारे ते वनस्पती, हलणारे आणि खाणारे ते प्राणी. डोळ्यांना दिसणाऱ्या जगात ही विभागणी चालून गेली. सूक्ष्मदर्शकाखाली ती कोलमडली.

कोलमडवणाऱ्यांत युग्लिना आघाडीवर होता. एरनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्याला हे नाव दिले. युग्लिनाची पेशी हिरवी असते, ती उन्हात अन्न तयार करते. पण तिला शेपटीसारखी कशाभिका असते, ती पोहते, प्रकाश ओळखण्यासाठी तिच्यात तांबडा ठिपका असतो आणि अंधारात ठेवली तर पाण्यातील तयार अन्नावरही ती जगते. वनस्पतीशास्त्रज्ञांनी युग्लिना आपला म्हटला, प्राणीशास्त्रज्ञांनीही आपला म्हटला. याचा परिणाम आजही टिकून आहे. वनस्पतींची शास्त्रीय नावे ठेवण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली वेगळी आणि प्राण्यांची वेगळी. युग्लिनासारख्या जीवांची नावे दोन्ही नियमावल्यांखाली ठेवली गेली आहेत. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत, तसा हा प्रकार.

यावर तोडगा म्हणून अर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी सुचवली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकर यांनी पाच सृष्टींची पद्धत मांडली. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी ही नावे आठवी शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. व्हिटाकर यांनी पेशीची रचना आणि पोषणाची पद्धत यांचा विचार केला, हे मोठे पाऊल होते. अडचण प्रोटिस्टात राहिली. जे वनस्पती नाहीत, प्राणी नाहीत, कवके नाहीत, पण ज्यांच्या पेशीत केंद्रक आहे, ते सगळे तिथे. घरात ज्या वस्तूंना जागा नाही त्या माळ्यावर टाकाव्यात, तशी ही सृष्टी. माळ्यावर एकत्र सापडल्या म्हणून त्या वस्तू एका संचातल्या ठरत नाहीत.

पाच सृष्टींनंतर आठच वर्षांनी, १९७७ मध्ये, कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा असा मूळ वंश असल्याचे दाखवले. लोणारचे हॅलोआर्किया याच वंशातले. त्यानंतर वर्गीकरणाचा आधार रंग, आकार आणि हालचालीवरून जनुकांकडे सरकला. दोन जीव कसे दिसतात यापेक्षा त्यांच्या जनुकांच्या मजकुरात किती फरक साचले आहेत, हे पाहिले जाऊ लागले.

हरितलवक ‘दत्तक’ आले म्हणजे काय?

मग इतक्या वेगळ्या घराण्यांकडे उन्हावर अन्न बनवण्याची कला आली कुठून? उत्तर आहे दत्तकविधान.

प्राणवायू सोडणारे प्रकाशसंश्लेषण प्रथम जमले ते सायनोबॅक्टेरियांना, म्हणजे ज्यांना नीलहरित शेवाळ म्हटले जाते त्या जिवाणूंना. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी केंद्रक असलेल्या एका पेशीने असा एक जिवाणू गिळला, पण पचवला नाही. तो आतच राहिला, वाढला, पेशीबरोबर विभागत गेला आणि त्याचेच हरितलवक झाले. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये ही कल्पना मांडली होती, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी ती नव्या पुराव्यांसह पुढे आणली. त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतर छापून आला. हरितलवकाचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो सायनोबॅक्टेरियांच्या डीएनएशी जुळतो, हे पुढे सिद्ध झाले आणि वाद संपला.

या पहिल्या दत्तकविधानातून हिरवी शैवाले, लाल शैवाले आणि पुढे जमिनीवरची सगळी झाडे आली. गोष्ट इथे थांबली नाही. हरितलवक असलेले अख्खे शैवालच दुसऱ्या एखाद्या पेशीने गिळले आणि ठेवून घेतले, असेही घडले. युग्लिनाचे तसेच झाले. मुळात शिकार करून जगणाऱ्या त्याच्या पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळले. कॅनडातील सारा गिब्ज यांनी १९७८ मध्ये हा विचार मांडला. हिरव्या शैवालाच्या हरितलवकाभोवती दोन पटले असतात, युग्लिनाच्या हरितलवकाभोवती तीन. गिळण्याची खूण तिथे शिल्लक आहे.

आणखी एक साधा पुरावा औषधांच्या दुकानातला आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध जिवाणूंवर काम करते. ते युग्लिनाला दिले तर युग्लिना मरत नाही, पण त्याचा हिरवा रंग कायमचा जातो. आतला मूळचा जिवाणू, म्हणजे हरितलवक, औषधाला बळी पडतो. युग्लिना मात्र तयार अन्नावर जगत राहतो आणि त्याची पुढची पिढी पांढरी निपजते. रंग हीच ओळख मानली तर ही पिढी युग्लिना म्हणायची की नाही, हा प्रश्न उरतो. वंश पाहिला तर तो उरत नाही.

अशी दत्तकविधाने फक्त इतिहासात घडली असे नाही. एका एकपेशीय सागरी शैवालाच्या आत राहणारा, हवेतील नत्र स्थिर करणारा जिवाणू आता त्या पेशीचा अवयवच बनला आहे, असे एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर झाले. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींतील जिवाणू जे काम पाहुणे म्हणून करतात, ते काम इथे घरचा झालेला जिवाणू करतो.

आज ही ‘शेवाळे’ कोणकोणत्या घराण्यांत मोडतात?

तज्ज्ञांची यादी लांबलचक आहे. सामान्य वाचकाने पाच घराणी लक्षात ठेवली तरी पुरे.

पहिले, सायनोबॅक्टेरिया. मायक्रोसिस्टिस, अॅनाबिना, स्पिरुलिना ही नावे यात येतात. हे जिवाणू आहेत. पेशीत केंद्रक नाही, वेगळे हरितलवक नाही. यातील काही विषारी द्रव्ये तयार करतात.

दुसरे, हिरवी शैवाले. क्लोरेला, क्लॅमिडोमोनास, डुनालिएला ही यातली. ज्वारी, मोसंबी आणि वड यांचे पूर्वज याच व्यापक घराण्यातले. शेततळ्यात तरंगणारा स्पायरोगायराचा रेशमी गुंता तर जमिनीवरच्या झाडांच्या सर्वांत जवळच्या भाऊबंदांपैकी आहे. तो एकपेशीय नाही, पण त्याच्याच गटातली डेस्मिड ही एकपेशीय आहेत.

तिसरे, युग्लिना आणि त्याचे आप्त. त्यांच्या जवळच्या नातलगांत काळा आजार पसरवणारा लेशमॅनिया आणि झोपेचा आजार देणारा ट्रिपॅनोसोमा हे परजीवी आहेत. हिरव्या क्लोरेलापेक्षा युग्लिना लेशमॅनियाला जवळचा आहे.

चौथे, डायटम. काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारे, सोनेरी तपकिरी रंगाचे जीव. जगातील एकूण प्रकाशसंश्लेषणातील साधारण पाचवा हिस्सा यांचा मानला जातो. यांनी लाल शैवालाच्या वंशातून हरितलवक घेतले. समुद्रातील मोठी तपकिरी शैवाले यांची नातलग आहेत. महाराष्ट्राशीही डायटमचे नाते जुने आहे. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि राधानगरी परिसरातील गोड्या पाण्यातल्या डायटमची तपशीलवार नोंद केली. आज पुण्यात आघारकर संस्थेत डायटमवर काम चालते.

पाचवे, डायनोफ्लॅजेलेट. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्या, त्यामागील नॉक्टिलुका हा जीव या घराण्यातला. त्याचे स्वतःचे हरितलवक नाही. अरबी समुद्रात त्याचा जो हिरवा प्रकार वाढतो, त्याच्या पोटात हिरवी शैवाले भाडेकरू म्हणून राहतात. पॅरामेशियम आणि मलेरियाचा परजीवी हे डायनोफ्लॅजेलेटचे भाऊबंद.

मोसंबीचा डिंक्या आणि मलेरिया इथे कुठून आले?

वर्गीकरण बदलून काय फरक पडतो, या प्रश्नाचे उत्तर घनसावंगीच्या बागांतच मिळते. जालना जिल्ह्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचा मोठा शत्रू डिंक्या. खोडातून डिंक पाझरतो, साल कुजते, झाड वाळत जाते. हा रोग फायटोप्थोरा या जीवामुळे होतो. तो तंतूंनी वाढतो, बीजाणू सोडतो, म्हणून अनेक दशके त्याला बुरशी म्हटले गेले. बोलताना आजही म्हणतात. वंशवृक्षात मात्र तो बुरशीपासून फार दूर, डायटमच्या घराण्यात बसतो. त्याची पेशीभित्ती बुरशीसारखी कायटिनची नसून मुख्यतः सेल्युलोजसारख्या घटकांची असते. पाण्यात पोहणारे बीजाणू तो सोडतो. म्हणून खोडाशी पाणी साचू देऊ नका, हा सल्ला डिंक्यासाठी पहिला दिला जातो.

द्राक्ष उत्पादकांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. भुरी आणि डावणी हे दोन्ही रोग पानावर पांढरट दिसतात. भुरी खऱ्या बुरशीमुळे येते, डावणी फायटोप्थोराच्या भाऊबंदामुळे. भुरीवर चालणारी हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे बुरशीच्या पेशीतील अर्गोस्टेरॉल तयार होण्याची क्रिया रोखतात. डावणीचा जीव ते तयारच करत नाही, त्यामुळे ही औषधे त्याच्यावर चालत नाहीत. उलट मेटॅलॅक्झिल डावणीवर आणि फायटोप्थोरावर चालते, भुरीवर नाही. दिसण्यावर विसंबून फवारणी केली तर पैसा वाया जातो. वंश ओळखला तर औषध ओळखता येते.

मलेरियाचे उदाहरण याहून थक्क करणारे. १९९० च्या दशकात संशोधकांना मलेरियाच्या परजीवीत एक छोटा, चार पटलांचा अवयव सापडला. तो म्हणजे प्रकाशसंश्लेषण गमावलेल्या हरितलवकाचा अवशेष निघाला. रक्तात लपून राहणाऱ्या या परजीवीचे पूर्वज कधीकाळी उन्हावर जगत होते. २००८ मध्ये क्रोमेरा हा त्याचा प्रकाशसंश्लेषण करणारा नातलगही जाहीर झाला. डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध मलेरियावर का चालते, याचा उलगडा त्यातून झाला. ते परजीवीतील या दत्तक जिवाणूच्या अवशेषावर घाव घालते. युग्लिना आणि स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट इथे माणसाच्या जिवाशी येऊन भिडते.

शेततळ्याच्या पाण्याला याचा काय उपयोग?

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मराठवाड्यात शेततळ्यांची संख्या वाढली. प्लास्टिकच्या अस्तराचे, साठलेले, उथळ, उन्हाने तापणारे आणि खतांचा अंश मिसळणारे पाणी या सगळ्याच सूक्ष्मजीवांना मानवते. त्यांचे परिणाम मात्र सारखे नाहीत.

हिरवी शैवाले आणि डायटम ठिबकचे फिल्टर व ड्रिपर तुंबवतात. तो त्रासाचा आणि खर्चाचा विषय आहे, पण ते सहसा विषारी नसतात. तळे लालसर करणारा युग्लिना सँग्विनिया विष तयार करू शकतो आणि त्याने मासे मरतात. शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाची. सर्वांत जपायचे ते सायनोबॅक्टेरियांना. त्यांच्या काही जातींतील मायक्रोसिस्टिन हे विष यकृताला इजा करते. असे पाणी प्यायल्याने जनावरे मरतात, याची पहिली शास्त्रीय नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका सरोवराबाबत केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची दीर्घकालीन मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

इथेच मोरचुदाचा प्रश्न येतो. मोरचुदाने हिरवे पाणी निवळते, हे खरे. पण पाण्यात विषारी सायनोबॅक्टेरिया दाट वाढले असतील तर एकदम मारल्याने त्यांच्या पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात मिसळते. पाणी दिसायला स्वच्छ होते आणि प्यायला आधीपेक्षा धोकादायक. ‘शेवाळ’ या एका शब्दावर थांबलेला माणूस हा फरक करू शकत नाही.

प्राथमिक ओळख पटवण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवायचे. बरेच सायनोबॅक्टेरिया पेशीतील हवेच्या पोकळ्यांमुळे वर तरंगून हिरवट थर धरतात, हिरवी शैवाले बहुधा खाली बसतात किंवा पाण्यात पसरलेली राहतात. दुसरी परीक्षा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची. त्याच थेंबात आयोडीन घातले तर स्टार्च साठवणाऱ्या हिरव्या शैवालात निळे-काळे ठिपके उमटतात. युग्लिना स्टार्च साठवत नाही, त्यामुळे त्यात ते दिसत नाहीत. काचेचे कवच असलेले डायटम आकारावरूनच कळतात आणि पोहणारा युग्लिना तांबड्या ठिपक्यावरून. या परीक्षा ढोबळ आहेत. पोहणारे युग्लिनाही कधी वर जमतात. विष आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पण बाटलीत वर साय धरली तर निर्णय होईपर्यंत जनावरांना त्या पाण्यावर सोडायचे नाही, एवढा शहाणपणा त्यातून नक्की मिळतो.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप शिक्षकांचा असू शकतो. शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी नावे बदलतात, मग मुलांनी काय पाठ करायचे? आक्षेपात तथ्य आहे. प्रोटिस्ट जीवांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी २००५, २०१२ आणि २०१९ अशी तीनदा सुधारित वर्गीकरणे प्रसिद्ध केली. लाल शैवालाचे दत्तकविधान एकदाच झाले की अनेकदा, यावर अजून एकमत नाही. वंशवृक्षाचे मूळ नेमके कुठे, यावरही वाद आहे. पण वर दिलेली पाच घराणी वेगळी आहेत, यावर वाद उरलेला नाही. सायनोबॅक्टेरिया जिवाणू आहेत, युग्लिना वनस्पती नाही, डायटम हिरव्या शैवालाचे भाऊ नाहीत, हे पक्के आहे. फांद्यांच्या टोकांवर वाद आहे म्हणून खोडही शिकवायचे नाही, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप असा, की व्हिटाकर यांची पद्धत सोपी आहे आणि मुलांना समजते. ती सोपी आहेच. ती काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. लिनियसपासून व्हिटाकरपर्यंतचा प्रवास पुस्तकात असणे चांगलेच. फक्त तो प्रवास १९६९ च्या थांब्यावर संपतो, असा समज मुलांच्या मनात राहू नये. ‘युग्लिना प्रोटिस्टा सृष्टीतील आहे’ या वाक्याला परीक्षेत एक गुण मिळतो. युग्लिना हिरवा कसा झाला, या प्रश्नाने मुलाला विज्ञान कसे चालते ते कळते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. शेतकऱ्याला डीएनएचे काय? त्याला डीएनए वाचायचा नाही. डिंक्याचे औषध, डावणीचे औषध आणि तळ्याच्या पाण्याबाबतचा निर्णय त्याला घ्यायचा आहे. त्या निर्णयांच्या मागे हीच नाती उभी आहेत.

काय बदलायला हवे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण शिकवणाऱ्या धड्यात तीन गोष्टी घालणे अवघड नाही. प्रोटिस्टा हे सोयीचे नाव आहे, कुळाचे नाही, हे एका वाक्यात सांगावे. हरितलवक कसे आले याची गोष्ट एका चित्रात द्यावी. आणि लोणारचे उदाहरण द्यावे, कारण अंदाज, तपासणी आणि दुरुस्ती हा विज्ञानाचा क्रम त्यात आपल्याच मातीत घडलेला दिसतो.

दुसरा बदल तालुक्याच्या पातळीवरचा. गावच्या पाण्याच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि रोगजंतू पाहण्याची सवय आता रुजली आहे. उन्हाळ्यात साठवणीच्या पाण्यात सायनोबॅक्टेरिया आहेत का, हे पाहण्याची सवय तितकी रुजलेली नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक चालू सूक्ष्मदर्शक, आयोडीनची बाटली आणि चार चित्रांचा तक्ता असेल, तर तीर्थपुरी किंवा कुंभार पिंपळगावची नववीतली मुले एप्रिलमध्ये आपल्या परिसरातील तळ्यांची पहिली चाचपणी स्वतः करू शकतील. संशयास्पद नमुना पुढे कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढे प्रशासनाने ठरवून द्यावे.

तिसरा बदल शब्दांचा, आणि त्याला खर्च नाही. ‘शेवाळ’ हा शब्द बोलण्यात राहू द्या. पण कृषी सल्ल्यात, औषधाच्या शिफारशीत आणि आरोग्याच्या सूचनेत ‘शेवाळ आले आहे’ एवढ्यावर थांबू नये. कोणते आले आहे, हे लिहावे. लोणारला हा प्रश्न विचारला गेला, म्हणून उत्तर सापडले. शेततळ्याच्या काठावर तो विचारायला मोरचुदाची पुडी फोडण्याआधीची एक रात्र आणि एक रिकामी बाटली पुरते.